अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनंतर

४ डिसेंबर २०१६, रविवार

आवाज येतो, चित्र नाही! चित्राच्या जागी काळी पाटी, आणि तिच्यातून शुक्री आत्या गातेय. एकाच सीडीवर दोन्ही असताना एक यायचं आणि दुसरं नाही, म्हणजे मध्ये अडवतंय कोण? हे मला कळलं पाहिजे.

सीडी सापडली बाबांच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली. २००६ साली पुण्याहून कॉलेजचा एक मुलगा आला होता, आत्याचं गाणं कॅमेऱ्यात घ्यायला. मी तेव्हा सातवीत, आश्रमशाळेत, म्हणून मला तो दिसलासुद्धा नाही. तीन दिवस आमच्या ओटीवर झोपला म्हणे. नंतर पोस्टाने ही सीडी पाठवली. आमच्याकडे ती लावायला काही नव्हतं, म्हणून दहा वर्षं कोणी बघितलीच नाही.

आता गरज पडली. माझा भाऊ नविनदादा, त्याचं लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलं. आमच्यात धवलेरीशिवाय लग्न लागत नाही – ती बाई गाणं म्हणत लग्न लावते – आणि आमच्या कैनाडच्या पाड्यात पंचवीस वर्षं ती बाई म्हणजे शुक्री आत्या, बाबांची थोरली बहीण. मागच्या वर्षी गणपतीत तिला झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला – 'बेस', म्हणजे बरं. चहा हवा? बेस. दुखतंय का? बेस. जिला पाणी मागता येत नाही ती गाणार कशी? गाणं लिहिलेलं कुठेच नाही.

बाबांचं एकच – "शुक्रीच्याच गाण्यान लगीन लागल." गाणार बायजी, माझी चुलत वहिनी. पंधरा वर्षं ती आत्याच्या मागे बसून ओळी झेलायची. पण झेलणं वेगळं आणि पुढे होऊन म्हणणं वेगळं. तिला सुरुवात येते, शेवट येतो. "मधला सगला तिच्या तोंडाकडं बघून यायचा," म्हणते. म्हणून ही सीडी. म्हणून मी.

५ डिसेंबर

माझ्या मशीनची थोडी जन्मकथा. डहाणूच्या एका शाळेने भंगारात काढलेला कॉम्प्युटर. डबा मोठा, पडदा त्याहून मोठा, आणि सुरू होताना असा धापा टाकतो की गिऱ्हाईक विचारतं, "मॅडम, बरा हाय ना तो?" नाक्यावरच्या माझ्या दुकानात याच्यावरच मी सातबारा आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म काढते. फॉर्मपुरता ठीक आहे. व्हिडिओ म्हटलं की रुसतो.

११ डिसेंबर

कळलं! कोडेक नाही.

व्हिडिओ घडी घालून ठेवलेला असतो, नाहीतर सीडीत मावणार नाही. कोडेक म्हणजे ती घडी उलगडायची रीत. पुण्याच्या पोराने ज्या रीतीने घडी घातली ती माझ्या मशीनला माहीत नाही. आवाजाची रीत वेगळी, ती माहीत आहे. म्हणून आवाज येतो. किती साधं आहे! आठवडाभर मी वायर हलवत बसले होते.

आता ते कोडेक इंटरनेटवरून उतरवायचं, तर एकही साईट उघडत नाही. 'ही जागा सुरक्षित नाही' म्हणते. कालपर्यंत सातबारा उघडत होता.

१५ डिसेंबर

मशीनच्या मते आज १ जानेवारी २००३ आहे.

लाईट गेली की दरवेळी तिथेच जाऊन बसतं. मी तेव्हा चौथीत होते. साईटच्या दाखल्यावर २०१६ची तारीख, आणि हा समजतो की असा दाखला अजून जन्मालाच यायचाय, म्हणून खोटा. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं बरोबरच आहे.

आत घड्याळासाठी बटणाएवढा सेल असतो, तो मेला. डहाणू स्टेशनजवळ प्रितेशचं रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याच्याकडून आणला. तो हसला. "निलमबेन, ह्या मशीनला आता रजा आपो ने." मी म्हटलं, रजा देईन, पण एप्रिलपर्यंत नाही.

१८ डिसेंबर

चित्र आलं. उलटं!

आत्या छताला चिकटून गातेय, डोकं खाली. तरी मी दोन मिनिटं डोळे भरून बघत राहिले. काळे केस, दोन्ही हात हलतायत. बायजी मान वाकडी करून म्हणाली, "पुण्याला माणसां असाच बसतात काय?"

१९ डिसेंबर

सेटिंगमध्ये एका चौकटीत बरोबरची खूण होती. काढली. आत्या सरळ झाली.

२५ डिसेंबर

चूक केली. दुकानाला सुट्टी होती म्हणून आत्याला रिक्षाने आणून व्हिडिओ दाखवला. पहिल्याच ओळीला ती रडायला लागली. 'बेस, बेस, बेस' म्हणत डावा हात पडद्याकडे करत होती. मी लगेच बंद केलं. स्वतःचा गेलेला आवाज ऐकवायचा, हा काय आनंद झाला? माझी मलाच लाज वाटली.

आता तिच्यासमोर लावायचं नाही, ठरलं. आणि आमची जुनी रीत आहेच – धवलेरी समोर असताना दुसरीने सुरुवात करायची नाही. तिने आधी म्हणायचं, मग मागच्यांनी. त्यामुळे बायजी सराव करते ती माझ्या दुकानात, शटर अर्धं खाली ओढून. घरात कोणी गुणगुणत पण नाही. आत्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सगळे फार जपतो.

१४ जानेवारी २०१७

चित्र अडकत अडकत चालतं, आवाज पुढे पळतो. सीडीवर ओरखडे. म्हटलं, सीडीतून कॉपी करून मशीनमध्येच घ्यावं. ७४ टक्क्यांवर येऊन थांबलं. तीनदा केलं, तीनदा ७४.

साबणाच्या पाण्याने धुतली. मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही – गोल पुसलं तर ओरखडा त्याच रेघेत लांबतो. ७९ वर गेली! मग प्रितेशकडे नेली, त्याच्या नव्या ड्राईव्हने एका दमात घेतली. पेनड्राईव्ह मुठीत धरूनच घरी आले. आज गाणं सीडीतून बाहेर आलं, आता तिचं काही का होईना.

२ फेब्रुवारी

आता नवंच. मध्येच मशीन फटकन बंद पडतं. बायजी म्हणते नजर लागली.

मी वहीत वेळा लिहायला लागले. सकाळी नऊला लावलं – अकरा मिनिटं चाललं. दुपारी दोनला – सात मिनिटं. संध्याकाळी – नऊ. सकाळी जास्त, दुपारी कमी. मग नजर नाही, ऊन! डबा उघडला. पंख्यात धुळीची गादी, आणि पंख्याच्या खालच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी. अंडी पुठ्ठ्यावर घेऊन खिडकीत ठेवली. पंखा ब्रशने साफ केला.

बायजीला वही दाखवली. ती म्हणाली, "तू भगत व्हायची गो."

५ फेब्रुवारी

पूर्ण चाललं. एकोणतीस मिनिटं. पण –

अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर चित्र काळं. आवाजही जातो, नुसती कसलीतरी घरघर. पंधरा बावन्नला आत्या परत येते आणि गाणं भलतंच पुढे गेलेलं असतं. चार मिनिटं बारा सेकंद कोरी!

बायजीने ती जागा पुन्हा लावायला लावली. "तीच जागा," म्हणाली. "माना तीच येत नाय. दर लग्नाला तठं आली का मी नुसती शेवटची अक्षरां झेलायची. प्रत्येक वेळेला वेगलाच वाटायचा." दोन महिने तिला धीर देत होते, की अडलेलं सगळं यात मिळेल. बाकी सगळं मिळालं. हेच नाही.

१२ फेब्रुवारी

केलेल्या गोष्टी: कोडेक काढून दुसरं टाकलं. प्लेयर बदलला. पडद्याचे रंग कमी केले. पडदा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुना टाकला, मग नवा, मग परत जुना. मशीनवर ओरडून झालं. काळं ते काळं.

१९ फेब्रुवारी

प्रितेशच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर लावलं. तिथेही अकरा चाळीसला काळं. "जोयु? मशीनचा वांक नाही. फाईलच अशी," तो म्हणाला. जोयु म्हणजे बघितलंत ना, वांक म्हणजे दोष.

म्हणजे इतके दिवस माझ्या म्हाताऱ्या मशीनला उगाच बोल लावले.

पण फाईल खराब असेल तर ती बरोबर चार मिनिटांनी चांगली कशी होते? सीडीचा ओरखडा असता तर चौकोन चौकोन दिसले असते, आत्याचं नाक कानाजवळ गेलं असतं. हे काळं फार स्वच्छ आहे.

३ मार्च

सापडलं!

आज उजेडाची पट्टी शेवटपर्यंत ओढली, जितकी जाते तितकी. काळ्याचं झालं करडं. आणि करड्यात धागे! उभे, आडवे. खालच्या कडेला काठ. म्हणजे कापड. कोणीतरी कॅमेऱ्यावर कापड टाकलंय. काठ ओळखीचा – व्हिडिओत आत्या तेच लुगडं नेसली आहे. तिने स्वतःचा पदर टाकला!

बिघाड नव्हताच कधी. काळोख मुद्दाम केलेला.

मग आवाज पूर्ण मोठा करून कानाला हेडफोन लावले. घरघर म्हणजे कापडाची. तिच्या मागे – खण्ण. थोड्या वेळाने पाणी ओतल्यासारखं. मग फुर्र, फुर्र असं काहीतरी. गाणं नाही. का? काय करतेय ती तिथे? धावत जाऊन विचारलं. "आत्या, पदर का टाकलास?" तिने तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. "बेस," म्हणाली, आणि डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं.

५ मार्च

बाबा झिपरू भगताला दुकानात घेऊन आले. त्याने हेडफोन लावून चार मिनिटं बारा सेकंद डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "ही देवाची जागा. ही मानसाला दाखवाची नाय. ऐकलास? देवाला पाणी सोडतं. आन फुर्र म्हणजे फुंकर, दिव्यावर."

बाबांनी तिथल्या तिथे मशीनला नमस्कार केला. मीही केला.

खरं सांगायचं तर मला पटलं. तीन महिन्यांनी एक कारण मिळालं होतं, आणि ते बाकी सगळ्याला लागू पडत होतं. तरी एक खटकतं. देवासाठी असेल तर बायजीला लग्नात तिथे अक्षरं ऐकू कशी यायची? हे मी बोलून दाखवलं. झिपरूबाबा म्हणाला, "देवाची अक्षरां." झालं.

१४ मार्च

सीडीच्या पाकिटावर पुण्याच्या पोराचा नंबर होता. लावला. अस्तित्वात नाही म्हणे.

१० एप्रिल

ठरलं असं: बायजी अकरा चाळीसपर्यंत गाणार. मग पदर तोंडावरून घेणार. झिपरूबाबा तांब्याने परातीत पाणी सोडणार, थांबून थांबून, व्हिडिओत जसं ऐकू येतं तसं. मग दिव्यावर दोन फुंकरा, विझणार नाही अशा बेताने. मी मोबाईलमध्ये वेळ बघणार. चार मिनिटं बारा सेकंद झाली की खोकायचं.

आज दुकानात तालीम केली. शटर खाली. एक गिऱ्हाईक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलं आणि शटरखालून वाकून बघून परत गेलं.

बायजीला काळजी आहे. "आपून चुकलो तर लगीन खोटा ठरल," म्हणते. म्हटलं, सगळं जसंच्या तसं करतोय ना, मग चुकेल कसं?

२७ एप्रिल

आत्याला कुठे बसवायचं यावर वाद. मांडवात बसवलं तर रीत मोडते, तिच्यासमोर बायजीने सुरुवात करायची कशी? घरात कोंडायचं तर तिच्या भाच्याचं लग्न. शेवटी आईने तोड काढली: आतल्या जुन्या खोलीत, कुडाच्या भिंतीमागे. समोर नाही, पण लांबही नाही.

३० एप्रिल, रविवार

काल लग्न लागलं. नीट क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

भिंतीवर लग्नाचा चौक, पिठाचं चित्र, लिहून झाला होता. नवरी तलासरीहून आली, बरोबर दोन टेम्पो माणसं. निलिमा नाव तिचं. नुसती जमिनीकडे बघत होती. बायजीने सुरू केलं. पहिल्या दोन ओळींत आवाज कापला, मग लागला. काय गायली! प्रत्येक जागा आत्याची. मागच्या बायका झेलत होत्या. बाबा मान हलवत होते. मला वाटलं, माझ्या म्हाताऱ्या मशीनने हे केलं, आता त्याला खुशाल रजा द्यावी.

ती जागा आली. बायजीने पदर तोंडावर घेतला. झिपरूबाबाने तांब्यातून पाणी सोडलं. खण्ण. तलासरीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक पोरगी हसली, तिला आईने चापट दिली. मी मोबाईलकडे बघतेय – चाळीस सेकंद, पन्नास, एक मिनिट. झिपरूबाबा दिव्यावर फुंकर मारायला वाकला.

आणि कुडाच्या आतून गाणं आलं.

आधी वाटलं कोणीतरी दुकानातला व्हिडिओ मोबाईलवर लावला. मग कळलं, आवाज थोडा फाटका आहे, जड आहे, आणि शब्द आहेत! 'बेस' नाही. शब्द, एकापाठोपाठ एक, चालीत बसलेले, एकही अडखळत नव्हता. एकोणीस महिने जिला 'पाणी' म्हणता आलं नाही ती शुक्री आत्या कुडाच्या फटीतून मांडवात बघत गात होती.

आठवतंय तेवढं – नवऱ्याच्या पायी उसनं बूट, बूट त्याला चावतं. (खरंच, नविनदादाने मित्राचे घातले होते, एक नंबर लहान.) नवरीचा हात गार गार, तिला तलासरीची वाट दिसं. आणि मग – झिपरूबाबा पाणी ओततं, कोणाला लागली तहान?

मांडव हसला. निलिमाने मान वर केली, पहिल्यांदा. झिपरूबाबा तांब्या हातात धरून उभाच. बाबा हसता हसता रडत होते, तसेच उठून आत गेले. बायजीने पदर बाजूला केला, आणि सवयीने, न ठरवता, आत्याची ओळ झेलली. मग मागच्या सगळ्यांनी. माझं खोकायचं राहूनच गेलं. रेकॉर्ड करायचंही राहिलं. हातात मोबाईल होता, आणि मी तो धरून नुसती ऐकत राहिले.

लग्नानंतर सगळे तिच्याभोवती. "आत्या, बोल ना." "बेस." "आत्या, मी कोण?" "बेस." परत तेच! डोळ्यांत हसू, तोंडात तोच एक शब्द. म्हणजे बोलणं बंद आहे आणि गाणं चालू आहे. आवाज येतो, चित्र नाही – तसंच काहीसं? दोन्हींच्या वाटा वेगळ्या असणार. आणि आम्ही तिला वाईट वाटू नये म्हणून तिच्यासमोर एक ओळही गुणगुणलो नाही. गुणगुणलो असतो तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. याचं फार वाईट वाटतंय.

आणखी एक डोक्यातून जात नाही. दादाचे बूट, झिपरूबाबाचा तांब्या – हे जुन्या गाण्यात कसं? मग २००६ साली त्या पदराखाली काय होतं?

२ मे

आज तिच्याजवळ बसले आणि बोलले नाही, लग्नाच्या चालीत गाऊन विचारलं – आत्या गो, कॅमेऱ्यावर पदर का टाकलास? तिने त्याच चालीत उत्तर दिलं, मध्ये श्वास घेत, एकेक ओळ:

तठं गाणा नाय गो पोरी. तठं नवरा-नवरी बघाची, जा दिसं ता गावाचा. ते दिसा माझे समोर कोण होता? म्हणून चहा पिली.